ऊन डब्यात भरून ठेवणारी मारिया

मैत्रिणींनो, वाळवण घालणाऱ्या बाईचं अर्धं लक्ष ताटात असतं आणि अर्धं आभाळात. ही सवय मला लग्न होऊन देवरुखला आल्यावर लागली. माझं माहेर घाटावरचं. तिथे कुरडया-पापड गच्चीवर टाकायचे, संध्याकाळी गोळा करायचे, चार दिवसांत डबे भरले की सुटलो. कोकणात तसं नाही. इथे दिवसभर ऊन अंग भाजून काढतं आणि सूर्य कलला की हवा ओलसर होते. दुपारी छान सुकलेली आंबापोळी पहाटे बोट लावलं तर पुन्हा चिकटते. आदल्या दिवशीची निम्मी मेहनत रात्रीत पाण्यात!

२०२५ चा मे महिना तर मी जन्मात विसरणार नाही. आधी वळवानं झोडपलं आणि २५ मेला तर मोसमी पाऊसच कोकणात येऊन ठेपला. आमच्याकडे रायवळ आंब्याचा रस ताटांत पसरलेला होता. तीन थर झाले होते, अजून दोन व्हायचे होते. ताटं आत घेतली, पंख्याखाली ठेवली, वर पातळ फडकं टाकलं. चौथ्या दिवशी फडकं उचललं तर कडेनं हिरवट बुरा. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी ताटं उचलली आणि गोठ्यामागच्या खड्ड्यात रिकामी केली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुण्याच्या दोन घरांतून आंबापोळीचे पैसे मी आगाऊ घेतले होते. ते परत करावे लागले.

त्यातून मी आदल्या वर्षी साठवलेल्या पैशांतून उन्हावर चालणारी वाळवणपेटी घेतली होती. लाकडी पेटी, वर काच, आत काळा रंगवलेला पत्रा. दिवसा ती उत्तम चालायची. कावळा नाही, माशी नाही, धूळ नाही. पण रात्री काचेला आतून घाम यायचा आणि थेंब थेंब पुन्हा फळावर पडायचा. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, पेटी फुकट गेली. मीही तिच्यात कांदे भरायला लागले.

दिवाळीत पुतणी आली. ती इंजिनिअरिंगला आहे. पेटीत कांदे बघून ती हसली आणि म्हणाली की काकू, तुझं भांडण उन्हाशी नाहीच, ते रात्रीशी आहे. आणि हे भांडण एका बाईनं आयुष्यभर लढलंय. त्या रात्री तिनं मला जिची गोष्ट सांगितली आणि जिच्याबद्दल नंतर मी मिळेल ते वाचत गेले, तिचं नाव मारिया तेल्केश. अमेरिकेत तिला सूर्यराणी म्हणत. आज तिच्याचविषयी लिहायचं आहे.

मारियाबाईंचा जन्म १२ डिसेंबर १९०० चा, हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरातला. शिकत असतानाच पुढच्या काळात माणसाला ऊर्जा कुठून मिळेल यावरचं एक पुस्तक त्यांच्या वाचनात आलं आणि सूर्याचं वेड डोक्यात शिरलं. १९२४ मध्ये त्यांनी बुडापेस्टच्या विद्यापीठातून भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. लगेच पुढे अमेरिका. क्लीव्हलंड शहरात त्यांचे एक नातेवाईक हंगेरीचे वाणिज्यदूत होते. त्यांच्याकडे म्हणून गेल्या आणि तिथल्याच झाल्या. क्लीव्हलंडच्या एका वैद्यकीय संस्थेत त्यांनी बारा वर्षं संशोधन केलं. १९३७ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, मग वेस्टिंगहाऊस कंपनीत उष्णतेपासून वीज करण्याच्या साधनांवर काम केलं. पण मन सूर्याकडेच.

त्याच सुमाराला मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या प्रख्यात संस्थेला एका श्रीमंत गृहस्थानं सौरऊर्जेच्या संशोधनासाठी मोठी देणगी दिली होती. मारियाबाई तिथे दाखल झाल्या. इतक्यात दुसरं महायुद्ध पेटलं. बोट बुडाली किंवा विमान समुद्रात पडलं की सैनिक तराफ्यावर तहानेनं मरत. चहूकडे पाणी, पण सगळं खारं. मारियाबाईंनी प्लॅस्टिकचं, फुगवता येणारं एक छोटं यंत्र तयार केलं. ऊन लागलं की खाऱ्या पाण्याची वाफ व्हायची आणि ती वाफ निवून गोडं पाणी मिळायचं, दिवसाला साधारण लिटरभर. कल्पना किती साधी! पण कामात दिरंगाई होत गेली, आणि यंत्रं हाती येईपर्यंत युद्ध संपत आलं होतं. वेळेवर न मिळालेल्या यशाची चव मारियाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा घेतली.

युद्धानंतर त्यांनी हात घातला तो खऱ्या अवघड प्रश्नाला. ऊन तर सगळ्यांनाच मिळतं, पण मावळल्यावर काय? मळभ आलं तर काय? बोस्टनच्या बाजूला हिवाळ्यात पाणी गोठून दगड होतं. दिवसा घर तापवून उपयोग काय, थंडी तर रात्री मारते. म्हणजे दिवसाचं ऊन कशात तरी भरून ठेवायला हवं, जसे आपण मेमध्ये आगोटीचे डबे भरून ठेवतो तसं. एमआयटीच्या पहिल्या सौरघरात यासाठी पाण्याची भली थोरली टाकी बांधली होती. मारियाबाईंनी पाण्याऐवजी मीठ सुचवलं. आपलं खायचं मीठ नव्हे. ग्लॉबर सॉल्ट म्हणून एक स्वस्त क्षार असतो, पूर्वी तो जुलाबाचं औषध म्हणून देत. त्याच्या खड्यात पाणी बांधलेलं असतं आणि तो साधारण ३२ अंश सेल्सिअसला वितळतो.

आता वितळण्याचा आणि ऊन साठवण्याचा काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. पुतणीनं मला खोबरेल तेलाची बाटली दाखवली. थंडीत तेल गोठतं. मग बाटली उन्हात ठेवली तरी ते एकदम पातळ होत नाही, बराच वेळ लागतो. कारण वितळायलाच पुष्कळ उष्णता लागते. ती उष्णता तेलाच्या पोटात जाते आणि तेल पुन्हा गोठताना तेवढीच्या तेवढी बाहेर येते. ग्लॉबर सॉल्टचं पोट तर फारच मोठं. एक किलो मीठ वितळताना जेवढी उष्णता गिळतं, तेवढ्यात एक किलो पाणी सुमारे ६० अंशांनी तापेल. म्हणजे दिवसा मीठ वितळायचं, रात्री गोठायचं आणि गोठता गोठता घराला ऊब द्यायची. डबा भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा.

एमआयटीतल्या वरिष्ठांचा मात्र मिठावर भरवसा बसेना. तिथल्या प्रयोगात मिठानं नीट साथही दिली नाही. मारियाबाईंना सौरऊर्जेच्या कामातून काढून धातुशास्त्राच्या विभागात पाठवलं. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. यांनी बाहेर वाट शोधली, आणि ती वाट दाखवणाऱ्याही बायकाच होत्या! अमेलिया पीबडी या शिल्पकार बाईंनी डोव्हर गावातली आपली जागा आणि पैसे दिले. एलिनॉर रेमंड या वास्तुरचनाकार बाईंनी घराचा आराखडा काढला. उष्णतेची सगळी योजना मारियाबाईंची. १९४८ साली तीन बायकांनी मिळून उन्हावर ऊबदार राहणारं घर उभं केलं. त्या काळाचा विचार करा, म्हणजे किती मोठी गोष्ट होती ते कळेल.

घर दिसायला लांबट आणि अरुंद. वरच्या मजल्यावर दक्षिणेच्या बाजूला सलग काचा, काचांमागे काळे पत्रे. उन्हानं पत्र्यामागची हवा तापायची. पंखे ती हवा खोल्यांमधल्या कपाटांसारख्या जागांमध्ये ढकलायचे. तिथे पत्र्याचे डबे रचलेले, डब्यांत सुमारे २१ टन मीठ. रात्री त्याच डब्यांवरून हवा फिरवली की खोली उबदार. घरात राहायला आला मारियाबाईंचाच एक चुलत-मावस नात्यातला भाऊ, बायको आणि लहान मुलाला घेऊन. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी बिऱ्हाड हलवलं. वर्तमानपत्रांत फोटो, मासिकांत लेख, बघ्यांची रीघ. पहिले दोन हिवाळे घर छान उबदार राहिलं. मारियाबाईंचं नाव सगळीकडे झालं.

आणि तिसऱ्या हिवाळ्यात मीठ फुटलं.

फुटलं म्हणजे काय, ते आपल्याला चटकन कळेल. कढीला बेसन कमी पडलं की पाणी वर आणि चोथा खाली होतो ना, तसंच. पुन्हा पुन्हा वितळून-गोठून क्षाराचा जड भाग तळाशी बसला, पाणी वर राहिलं. दोघांचं पुन्हा लग्न लागेना. मग गोठणंही नीट होईना आणि ऊबही मिळेना. भरीला डबे गंजून गळायला लागले. घरात लहान मूल, बाहेर बर्फ आणि कपाटात गळणारे डबे. शेवटी घरात साधी शेगडीची व्यवस्था बसवावी लागली. ज्यांनी सुरुवातीला शंका घेतली होती त्यांना बोलायला जागा मिळाली. १९५३ मध्ये मारियाबाईंना एमआयटी सोडावी लागली.

इथे मी वाचता वाचता थांबले. माझी चार ताटं आणि तिचे २१ टन, तुलना कसली करायची? पण सगळ्यांच्या देखत काम बिघडलं की पोटात जो गोळा येतो, तो सारखाच असणार. मला खरं हवं होतं ते पुढचं. बिघडल्यावर या बाईनं काय केलं?

त्यांनी मिठाला दोष दिला नाही आणि स्वतःलाही नाही. मीठ का फुटतं, हे बघत बसल्या. मीठ वेळेवर गोठत नाही म्हणून त्यात विरजणासारखा चिमूटभर टाकणखार घालायचा, म्हणजे त्याच्या कणांभोवती खडे धरतात, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. राहिला प्रश्न तळाशी बसण्याचा. त्यावरचा उपाय १९७० च्या दशकात त्यांच्या हाती लागला. एका विशिष्ट प्रकारची माती मिसळून मिश्रण दाट केलं की जड भाग खाली बसत नाही. म्हणजे कढीला बेसनच लावलं की! पण हे बेसन सापडायला पंचवीसेक वर्षं गेली आणि तेव्हा बाईंनी सत्तरी ओलांडली होती.

मधली वर्षं काही वाट बघण्यात गेली नाहीत. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या स्त्री अभियंत्यांच्या संघटनेनं आपला पहिलावहिला पुरस्कार त्यांनाच दिला. एमआयटी सुटल्यावर त्या न्यूयॉर्क विद्यापीठात गेल्या. फोर्ड फाउंडेशननं ४५ हजार डॉलर दिले, काम होतं सूर्यचुलीचं. जिथे सरपणाची टंचाई आहे अशा देशांतल्या बायकांना वापरता येईल, लहान मूल जवळ गेलं तरी भाजणार नाही आणि करायला सोपी असेल अशी चूल त्यांना हवी होती. ऊब धरून ठेवणारी जाड पेटी, वर काच आणि काचेवर चारी बाजूंनी उन्हाचं तेज आत फेकणारे चकचकीत पत्रे. आत साधारण १७५ अंशांपर्यंत उष्णता मिळे, म्हणजे भाजणं, शिजवणं दोन्ही जमावं. आपल्याकडे १९८० नंतर घरोघरी गच्चीवर जी आरशाच्या झाकणाची सूर्यचूल दिसायला लागली, तिचंही तत्त्व हेच. याच काळात शेतकऱ्यांचं पीक उन्हाच्या उष्णतेनं लवकर सुकवण्याची रीतही त्यांनी शोधली, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. मला आनंद झाला तो इथे. समुद्राचं पाणी, घर, चूल आणि वाळवण. बाईंच्या सगळ्या कामाचा धागा बघा, बायकांच्या रोजच्या धबडग्यातून जाणारा.

पुढे १९६० च्या दशकात अवकाशात आणि समुद्राखाली पाठवायची नाजूक उपकरणं ठरावीक तपमानात जपणारे पदार्थ त्यांनी तयार केले. ते अपोलो मोहिमेसाठीही वापरले गेले. सत्तरीत त्या डेलावेअर विद्यापीठात गेल्या. तिथे १९७३ मध्ये सौरघर उभं राहिलं, त्यात छपरावर सौरवीज होती आणि उष्णता साठवायला पुन्हा एकदा क्षारच. १९७७ मध्ये सौरऊर्जेच्या क्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या नावावर वीसहून अधिक पेटंटं आहेत. १९९५ मध्ये, हंगेरी सोडल्याला सत्तर वर्षं झाल्यावर, त्या पहिल्यांदा आपल्या गावी गेल्या. तिथेच, बुडापेस्टमध्ये, २ डिसेंबरला त्यांचं निधन झालं. पंचाण्णवावा वाढदिवस दहा दिवसांवर होता. माहेरी जाऊन डोळे मिटले, असं आपल्याकडे म्हटलं असतं. २०१२ मध्ये अमेरिकेनं संशोधकांच्या सन्मान-दालनात त्यांचं नाव लावलं.

आता परत माझ्या पेटीकडे येते.

ग्लॉबर सॉल्ट मी आणलं नाही आणि तुम्हीही आणू नका. एक तर खाण्याच्या वस्तूजवळ असली रसायनं घरच्या घरी हाताळू नयेत. दुसरं म्हणजे ते ३२ अंशांना वितळतं, घर उबदार ठेवायला ते ठीक. फळ वाळायला साधारण ५० ते ६० अंश हवेत. म्हणून आता ऊन साठवणाऱ्या वाळवणयंत्रांत बंद डब्यात पॅराफिन मेण वापरतात, ते त्या सुमाराला वितळतं. त्याहून साधा उपाय म्हणजे दगड. दगड वितळत नाही, त्यामुळे मिठाएवढी उष्णता त्याच्या पोटात मावत नाही. पण तो गळत नाही, फुटत नाही आणि नदीत फुकट मिळतो.

मी पेटीतले कांदे काढले. नदीतले मुठीएवढे काळे गोटे आणले, घासून धुतले, कडकडीत वाळवले. पेटीच्या तळाशी दोन थर रचले आणि त्यावर जाळीचं ताट ठेवलं. खालच्या बाजूला हवा आत यायला भोकं होतीच. वरच्या बाजूचं भोक मात्र मी रात्री बोळा घालून बंद करत असे. ऊब आत राहावी म्हणून! तिथेच चुकत होतं. फळातून निघालेली वाफ बाहेर जायला वाटच नव्हती, म्हणून काचेला घाम. आता गोटे खालून ऊब देतात, हवा तापून वर चढते आणि जाताना ओल घेऊन जाते. गरम हवेत ओल जास्त मावते, गार झाली की ती ओल टाकून देते. एवढंच गणित आहे.

जानेवारीत केळ्याच्या चकत्या घातल्या. अंधार पडल्यावर सासूबाईंनी मुद्दाम हात घालून बघितला. रात्रीचे आठ वाजले तरी गोटे कोमट होते. सकाळी काचेला थेंब नव्हते आणि चकत्या चिकटल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी मी जाड कापल्या होत्या, त्या आतून मऊच राहिल्या. दुसऱ्या खेपेला पातळ कापल्या, त्या तिसऱ्या दिवशी डब्यात गेल्या.

पण मैत्रिणींनो, मी एवढ्यात हुरळून जाणार नाही. जानेवारीची हवा कोरडी असते. खरी परीक्षा मे महिन्यातली, रायवळच्या रसाची आणि आभाळ भरून आल्यावरची. दोन दिवस मळभ राहिलं तर दगडांच्या पोटात तरी ऊब कुठून येणार? कदाचित ताटं पुन्हा खड्ड्यात जातील. तसं झालं तर काय करायचं, तेही मी ठरवलंय. पेटीत कांदे भरायचे नाहीत. कुठे चुकलं ते वहीत लिहायचं आणि पुढच्या वर्षासाठी बेसन शोधायचं.

परवा अंगणात आले तर सासूबाई वाकून काहीतरी वेचत होत्या. आवळे असतील म्हणून जवळ गेले. ओट्यावर त्यांनी आठ-दहा काळे गोटे धुऊन उन्हात मांडले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, तुझे दोन थर पुरायचे नाहीत, मे महिन्यात तीन लागतील.